पळसाच्या पानांची मुलगी

बाबा, २७ ऑगस्ट १९५९, गुरुवार, श्रावण वद्य नवमी, दुपारी चार वाजून दहा मिनिटं. त्या वेळी तुम्ही माझा अग्निसंस्कार केलात. मी जिवंत होते, बारा वर्षांची होते आणि नदीच्या पलीकडच्या काठावर उभी राहून ते पाहत होते. वेळेबद्दल वाद घालू नका. त्या काठावरच्या लाकडाच्या डेपोच्या कचेरीत भिंतीवर घड्याळ होतं आणि मी ते पाहिलं होतं. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी मला बाकी काय शिकवलं ते सोडा, घड्याळ पाहायला मात्र पक्कं शिकवलं. आता माझं अठ्ठ्याहत्तरावं चालू आहे. शाळेतून निवृत्त होऊनही वीस वर्षं होत आली. मुख्याध्यापिका असताना मी उशिरा येणाऱ्या मास्तरांकडून लेखी खुलासा घेत असे. तोंडी सबबी ऐकून घेतल्या नाहीत. तुमच्याकडून मात्र तोंडीसुद्धा काही घेतलं नाही, आणि हे मला फार उशिरा कळतंय.

आपलं गाव तेव्हा कसं होतं ते आता कुणाला सांगून पटत नाही. नदी जिथे समुद्राला मिळते तिथे फिरंग्यांच्या काळचा अर्धा ढासळलेला बुरूज, त्याच्या खाली धक्क्याच्या दगडी पायऱ्या, आणि पायऱ्यांपासून देवळापर्यंत बोंबील वाळत घालायच्या बांबूच्या वलांड्या. वरच्या जंगलातलं सागवान नदीतून वाहत खाली येई, पलीकडे डेपोत थप्प्यांनी लागे. आठवड्याच्या बाजारी आपल्या बायका सुकी मासळी डोक्यावर घेऊन तरीतून, म्हणजे नदी ओलांडायच्या होडीतून, पलीकडे जात, तिथून चालत तळासरीकडे, आणि पाड्यांवरच्या माणसांना मासळी देऊन तांदूळ, मोहाची फुलं, भोपळे घेऊन येत. तुम्ही गावचे तांडेल. पावसाळ्यात झावळ्यांनी शाकारून ठेवलेल्या होड्या कधी उघडायच्या आणि कोणत्या दिवशी पाण्यात लोटायच्या, हे तुम्ही सांगायचं. तुमचा शब्द निघेपर्यंत गावातल्या एकाही घरात ताजी मासळी शिजत नसे.

आणि नदीचा कायदा तुमच्याही वरचा. तिने माणूस घेतला आणि परत दिला नाही तर तिच्यात कुणी होडी घालायची नाही, पाय बुडवायचा नाही, तिला ओलांडायचंही नाही. मग डोंगरपट्टीतला भगत बोलवायचा. तो पळसाची पानं मोजून बुडालेल्याचा पुतळा बांधणार, डोक्याच्या जागी नारळ ठेवणार, अंगावर त्याचं एखादं वस्त्र घालणार, आणि घरातला कर्ता पुरुष काठावर त्याला अग्नी देणार. अग्नी देणारा नदीकडे तोंड करून उभा राहतो. बाकी सगळ्यांनी पाठ करायची, कारण बुडालेलं माणूस त्या वेळी पाण्यावरून हाका मारतं आणि ओ दिली की ओ देणाऱ्याला घेऊन जातं. हे मी लहानपणी इतक्या वेळा ऐकलं होतं की मला त्याची भीतीही वाटत नसे. जेवताना बोलू नये, तसंच ते.

त्या वर्षी नारळी पौर्णिमेला मी घरी यायचे होते. आले नाही, कारण नदीपलीकडे मी जिथे राहून शिकत होते त्या कॉन्व्हेंटच्या भोजनगृहात मी भर पंगतीत उभी राहून सांगितलं की हा मासा तीन दिवसांचा आहे आणि मी तो खाणार नाही. मासा तीन दिवसांचाच होता. त्याचे डोळे बसलेले होते, हे त्या परदेशी सिस्टरला दिसत नव्हतं, तांडेलच्या मुलीला दिसत होतं. माफी मागेपर्यंत सुट्टी बंद, असं ठरलं. मी माफी मागितली नाही. रविवारी मासळी विकून परत निघालेली आपल्या आळीतली एक मावशी मला न्यायला फाटकाशी आली होती. तिच्याजवळ मी माझं गाठोडं दिलं आणि म्हटलं, हे घेऊन पुढे हो, मी एक-दोन दिवसांत येते. ती म्हणाली, "माफी माग ना गो बाय, जीभ काय झिजते?" मी म्हटलं, झिजते. ती हसत गेली. तिला हसताना शेवटचं मीच पाहिलं असेल, कारण संध्याकाळी वरून लाल पाणी आलं आणि तर उलटली. तरवाला सोडून तरीवर चार माणसं होती. मावशी आणि दोघं जण दुसऱ्या दिवशी खारफुटीत सापडली. चौथं कुणी सापडलं नाही. चौथा डोंगरपट्टीतला कुणी लाकूडतोड्या असावा. त्याच्या मागे कुणी विचारायलाही आलं नाही. तरवाला वाचला होता, त्याला विचारलं तर तो एवढंच म्हणे, मावशीबरोबर शाळेतलं पोर येणार होतं. आणि चिखलात माझं गाठोडं सापडलं. त्यात माझा निळा फ्रॉक होता.

इथे मी तुमच्याशी पहिल्यांदा भांडते. शाळा काही मुंबईला नव्हती. एक माणूस पाठवला असतात तर मी त्याला फाटकाशी दिसले असते, फुगलेल्या तोंडाने भांडी घासताना. पण नदी कुणी ओलांडायची नाही. वरच्या अंगाला रेल्वेचा पूल होता, तो ओलांडून जाता आलं असतं. पण पुलाखाली नदी तीच, म्हणून पूलही बंद. म्हणजे मी मेले की नाही हे पाहायला कुणी गेलं नाही, कारण मी मेले होते. आत्याने हे मला पुढे सांगितलं तेव्हा तिला त्यात काहीच वावगं वाटलं नव्हतं. पौर्णिमा आली, गेली. समुद्राला नारळ दिला नाही. आकाश उघडलं. शेजारच्या चिखले गावच्या होड्या बाहेर पडल्या, त्यांची शिडं बुरुजावरून दिसायची, आणि आपल्या आळीतले बाप्ये तुमच्या ओट्याशी येऊन नुसते बसून राहायचे. कुणी तोंडाने म्हणालं नाही की पोरीचं उरकून घ्या. शेवटी त्यांच्यातला सगळ्यात म्हातारा म्हणाला, "तांडेल, तिला तरी किती दिवस पाण्यात ठेवायची?" असं आत्या सांगे. तुम्ही उठलात आणि पौर्णिमेला समुद्राला द्यायचा राहिलेला नारळ भगताच्या हातात दिलात.

त्याच गुरुवारी सकाळी मी माफी मागितली. अकरा दिवस कुणी मला न्यायला आलं नव्हतं. कोंडलेल्या मुलीला वाटतं की आपल्या रागाची घरी निदान चौकशी तरी होईल. चौकशी नाही, निरोप नाही. मी पुटपुटून माफी मागितली आणि गणवेशावरच, मोकळ्या हाताने चालत निघाले. वाटेत ओढ्यांना गुडघाभर पाणी होतं. काठावर पोचले तेव्हा तर नाही, तरवाला नाही, सगळीकडे विलक्षण शांत. नवमीला भरती फार जोर करत नाही, पाणी नुसतं जाड होऊन वर सरकत असतं. अशा वेळी पलीकडचं खोकणंसुद्धा ऐकू येतं. पलीकडे अख्खं गाव धक्क्यावर जमलेलं. मध्ये लाकडं रचलेली.

डेपोचे गुजराती मुनीम कचेरीच्या दारात उभे होते. आम्हां मुलांना ते अधूनमधून खडीसाखर द्यायचे. मला त्यांनी ओळखलं नाही, गणवेशात सगळ्या मुली सारख्याच दिसतात. म्हणाले, "होडी बंद छे, छोकरी. तर बुडाली ने. पुलावरून जा." मी विचारलं, पलीकडे कोण गेलं? ते म्हणाले, "तांडेलची छोकरी. बॉडी मळी नाही, म्हणून पानांची करून बाळे छे, जाळतात."

मी म्हटलं, तांडेलला एकच मुलगी आहे.

"हां, तेज, तीच," ते म्हणाले, आणि मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. दोन पावलं मागे सरकले, कचेरीत गेले, आणि दाराची आतली कडी मी ऐकली. खिडकीतून घड्याळ दिसत होतं. चारला पाच कमी.

मी पाण्यापर्यंत गेले. आता मला ते स्वच्छ दिसतं: लाकडांवर ठेवलेलं लहानसं अंग, निळा फ्रॉक, बाह्यांतून बाहेर आलेली पळसाच्या देठांची बोटं. फ्रॉक वाळलेला नव्हता, अंगाला चिकटला होता. नारळाची शेंडी माझ्या भांगाच्या बाजूला केलेली आहे. आईने केली असेल. मी उजवीकडे भांग पाडते हे तिलाच माहीत. मला भीती वाटली नाही, बाबा. मला त्या मुलीचा राग आला. माझे कपडे घालून, माझ्या जागी, माझ्या माणसांच्या मधोमध ती निजली होती आणि सगळे तिच्यासाठी रडत होते.

मी हाक मारली. "बाबा!"

सगळ्यांनी एकदम पाठ फिरवली. वाऱ्याने भाताची रोपं वळावीत तशी. आईसुद्धा. तिला आत्याने खांद्याला धरून फिरवलं. समोर तोंड फक्त तुमचं राहिलं, हातात पेटता पलिता. तुम्ही मान वर केलीत. मधलं पाणी किती होतं? आपली तर एका गाण्यात ते ओलांडायची. मला तुमच्या टोपीचा लाल रंग दिसत होता, मिशी दिसत होती. मी दुसऱ्यांदा हाक मारली, या वेळी हात वर करून. तुम्ही माझ्याकडे पाहत उभे राहिलात. खूप वेळ. भगत काहीतरी म्हणाला, तुम्ही त्याला डाव्या हाताने थांबवलंत. मी वळून खिडकीतलं घड्याळ पाहिलं, कारण मला तुमच्याकडे पाहवेना. चार वाजून दहा मिनिटं. परत पाहिलं तेव्हा निळा रंग दिसत नव्हता, धूर दिसत होता.

पुलावरून चालत मी घरी पोचले तेव्हा दिवस नुकताच बुडाला होता. तुम्ही नव्हतात, पहाटे होड्या जायच्या म्हणून गडीमाणसं किनाऱ्यावरच होती. दारात आत्या होती. ती किंचाळली नाही. तिने आधी माझे पाय पाहिले. पाय सुलटे निघाले तशी तिची पंचाईत झाली. मग म्हणाली, "सावली दाखव." मी म्हटलं, आत्या, ऊन गेलंय, तुझीही सावली नाही. तिने खाली पाहिलं, तिची नव्हतीच. म्हणून ती आणखी घाबरली. आई आत चुलीशी बसली होती, तिने मान वळवली नाही. तिचे खांदे हलत होते. ओ दिली तर ही निघून जाईल, न दिली तर राहील की काय, असं काहीसं तिच्या डोक्यात असणार. शेवटी ठरलं की सकाळी उन्हात पाहू. मला जाळ्यांच्या खोपीत ठेवलं, बाहेर विळा आडवा घातला आणि दाराच्या फटीतून भात सरकवला. माझ्या सुतकाचा भात मीच खाल्ला. भूक होती.

सकाळी अंगणात माझी सावली पडली. लांब, पूर्ण, दोन वेण्यांची. आईने तिला हात लावला. मला नाही, सावलीला, जमिनीवर. मग मला धरून ती जे रडली त्याबद्दल मी तिला सगळं माफ केलं आहे. पण तोवर तुम्ही समुद्रावर होतात, आणि गावापुढे नवाच पेच उभा राहिला. होड्या निघाल्या होत्या त्या माझ्या मरणाच्या जोरावर. मी जिवंत असेन तर विधी खोटा, नदीचं देणं बाकी, आणि आळीतले सगळे बाप्ये परवानगीशिवाय पाण्यात. म्हाताऱ्यांनी आईला बजावलं की होड्या परत येईपर्यंत पोरीला नावाने हाक मारायची नाही. मी असावं, पण कुणी मला असलेली धरू नये. पाणवठ्यावर बायका माझ्यापुढून अशा जात की जणू वलांडीचा खांब. मी मुद्दाम आडवी उभी राहायचे. त्या वळसा घालायच्या.

आठव्या दिवशी होड्या आल्या. इतकी मासळी कुणी पाहिली नव्हती. तुम्ही अंगणात आलात, माझ्यापुढे उभे राहिलात आणि विचारलंत, "जेवलीस?" मी हो म्हटलं. एवढंच. नाव नाही. भगताकडे तोड होती, हे मला माहीत आहे. परत आलेल्याला पाळण्यात घालायचं, नव्याने बारसं करायचं, की झालं माणूस जिवंत. तुम्ही म्हणालात, पुढच्या नारळी पौर्णिमेला करू. पुढच्या वर्षी मासळी त्याहून जास्त. मग कोण म्हणणार, चालतंय ते बंद करा? पाळणा देवळाच्या माळ्यावर राहिला आणि मी गावात "पलीकडची" झाले. पलीकडची आली गो. पलीकडचीला ताक द्या. दर पितृपक्षात माझ्यासाठी एक पान बाहेर ठेवलं जाई, खिरीवर गूळ जास्त, मला गोड आवडे म्हणून. एका वर्षी मी सुट्टीत घरी होते तेव्हा ओट्यावर बसून त्या पानाशी आलेल्या कावळ्याकडे पाहत होते. तो शिवतच नव्हता. आत्या माझ्या कानाशी येऊन कुजबुजली, "काय राहिलंय तुझं, सांग ना." मी म्हटलं, नाव राहिलंय. तेवढ्यात कावळा शिवला आणि तिने सुटकेचा श्वास टाकला. तुम्ही आतून ऐकत होतात. मी तुमची सावली दारात पाहिली.

तुम्ही गेलात तेव्हा मी डहाणूला शिक्षिका होते. १९६६चा पावसाळा. मी पोचले तर तुमचा आवाज गेलेला. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि तोंड उघडलंत, मी कान जवळ नेला, आणि आतून नुसतं वारं आलं. लोक म्हणाले, नाव घेतलं तिचं. कुणी ऐकलं नाही, पण सगळे म्हणाले.

त्यानंतर दोन वर्षांनी आत्याने, स्वतः अंथरुणाला लागलेली असताना, मला ते सांगितलं जे मी माझ्या जन्मभराच्या तक्रारीत कधीच धरलं नव्हतं. बुडालेल्याला दोनच हाका मारता येतात. तिसरीला घसा पाण्याने भरतो. तिसरी हाक आली तर ते जिवंत माणूस, सगळं टाकून धावायचं. ती म्हणाली, "तो थांबला होता गो. भगत म्हणे वेळ टळते. पलित्याचं तेल त्याच्या मनगटावर ठिबकत होतं, तरी थांबला. मी पाठ केलेली, पण ऐकत होते. म्हणत होता, अजून एक दे. हळूच. अजून एक दे, बाय." मग ती माझ्याकडे बघत राहिली आणि मी तिला म्हटलं की मी लहानपणीच कॉन्व्हेंटला गेले, मला हा नियम कुठे माहीत होता? तिने मान हलवली. पटलं नसावं. त्या काठावर रांगणाऱ्या मुलालाही तो माहीत असतो.

तर बाबा, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, आणि हे पत्रही कपाटात जायचं आहे, पोस्टात नाही. मला तो नियम माहीत होता. दुसऱ्या हाकेनंतर तो मला आठवला होता. माझा घसा कोरडा होता, उघडा होता, चांगला चालत होता. मी तोंड उघडलंही होतं. मग मी त्या सगळ्या पाठी पाहिल्या आणि तुमचं माझ्याकडे वळलेलं तोंड पाहिलं, आणि मनात आलं की अकरा दिवस मला न्यायला कुणी आलं नाही, आणि आता मी समोर उभी असताना यांना आणखी एक हाक हवी. नाही देत. मी रुसले होते. एवढंच होतं ते. तुम्ही पलिता टेकवलात तेव्हाही मला वाटत होतं, आता टाकतील आणि पाण्यात उडी घेतील.

माझ्या बाजूचं मी असं लेखी दिलं आहे. आता तुमच्या बाजूचं हवं. तुम्ही मला पाहिलं होतं की नुसतं ऐकलं होतं? पाहिलं असेल, तर आवाजाची वाट का पाहिलीत? येत्या नारळी पौर्णिमेच्या सूर्यास्ताच्या आत लेखी उत्तर पाहिजे. लिहिता येत नव्हतं ही सबब चालणार नाही, तिथे कुणी ना कुणी लिहिणारं असेलच, तरीवरची मावशी हिशेबापुरती चार अक्षरं काढायची. पत्ता आशागडचा आहे, पोस्टमन ओळखतो. पाकिटावर मात्र माझं नाव घाला. "पलीकडची" असं लिहून आलं तर मी घेणार नाही, तसंच परत पाठवीन.